एका पूर्णविरामाचा अर्ज

देवाजी मेश्रामांना इंग्रजी येत नव्हतं असं कोणी म्हटलं, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत ते एकोणीस वर्षं कनिष्ठ लिपिक होते आणि एकोणीस वर्षं त्यांनी रोज इंग्रजी लिहिलं होतं. 'सबमिटेड फॉर ऑर्डर्स', 'मे बी फाइल्ड', 'पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स' ही वाक्यं ते डोळे मिटून लिहीत. अक्षर तर असं की साहेब मजकूर न वाचता नुसत्या अक्षरावर सही ठोकत. अडचण एवढीच होती की देवाजींचं इंग्रजी फायलीच्या दोरीत बांधलेलं होतं. दोरी सुटली की ते चार पावलंसुद्धा चालत नसे.

आणि खातेपरीक्षेत नेमकी ही दोरी सोडायला लावत. वरिष्ठ लिपिक व्हायचं तर ही परीक्षा पास व्हावी लागे. चार पेपरांपैकी तीन देवाजी पहिल्याच बैठकीत पास झाले. चौथा पेपर इंग्रजीचा. पहिल्या वेळी त्यांना एकतीस मार्क मिळाले, दुसऱ्या वेळी अभ्यास करून बसले तेव्हा सव्वीस मिळाले. नियम असा होता की तीनच वेळा बसता येतं. तिसऱ्यांदाही नापास झाला, की माणूस पेन्शनपर्यंत कनिष्ठ. देवाजींनी ज्यांना आवक-जावक शिकवली ती दोन पोरं केव्हाच वरिष्ठ झाली होती आणि त्यांतला एक जण आता देवाजींच्या किरकोळ रजेवर 'शिफारस आहे' असं लिहीत असे.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची. राज्याचा कारभार मराठीतून करायचा असं ठरून सात-आठ वर्षं झाली होती. पण ते खातेपरीक्षेच्या पेपरला बहुधा कोणी कळवलेलं नव्हतं. अठरा डिसेंबर, मंगळवार, सकाळी अकरा वाजता तिसरी आणि शेवटची वेळ होती. देवाजींचे वडील गिरणीत आयुष्य काढून गेले. छप्पन साली बापलेक दोघं मिळून दीक्षेला गेले होते, तेव्हा परतताना म्हातारा म्हणाला होता, "देवाजी, आता कोनाच्या मागं उभं राहाचं नाई. खुर्चीवर बसाचं." खुर्ची देवाजींना त्याच्या दोन वर्षं आधीच मिळाली होती, खोटं कशाला बोला. पण तिला हात नव्हते. वरिष्ठांच्या खुर्चीला हात असतात.

या वेळी शिकवणी घरातच ठेवली होती. मुलगी तारा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि बापाला शिकवायची तिची फार दिवसांची इच्छा होती. पहाटे साडेपाचला चूल पेटायची, देवाजींच्या पत्नी सिंधूताई पिठाचा गोळा मळायला बसायच्या आणि शेजारी पाटावर देवाजी वही उघडून बसायचे. बर्डीच्या बाजारातून जुनं व्याकरणाचं पुस्तक आणलं होतं. पेपरात दोन प्रश्न हमखास येत. एक, दोन-तीन सुटी वाक्यं जोडून एक वाक्य करा. दोन, क्रियापदाचं योग्य रूप निवडा.

पहिल्याच धड्यात एक म्हातारा होता. त्याला तीन मुलगे होते. मुलगे आळशी होते. म्हाताऱ्यानं त्यांना शेतावर बोलावलं. ही चार वाक्यं जोडायची होती. देवाजींनी चष्मा काढला.

"शेत कोनाच्या नावावर आहे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, त्याचं काय करायचं?"

"नाई म्हंजे, म्हाताऱ्याच्या नावावर असंन त ठीक. वाटण्या झाल्या असतीन त बोलावून फायदा काय?"

ताराने कपाळाला हात लावला. यात देवाजींचा हट्ट नव्हता. ज्या माणसाने एकोणीस वर्षं सातबारा आणि सोबतची कागदपत्रं तपासली, त्याला बिनकागदाच्या म्हाताऱ्यावर विश्वास बसेना, एवढंच. दोन आठवडे असेच गेले. शेवटी तारा म्हणाली, "बाबा, तुमाले पुस्तकातले लोक चालत नाई ना? मंग आपल्या गल्लीतले घ्या. खरी वाक्यं. रोज पाच."

ही कल्पना देवाजींना आवडली. आणि सगळं जे झालं ते इथून झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं. शेजारच्या पार्वतीबाईंची नाली तुंबली आहे. आता क्रियापद कोणतं? 'हॅज बीन' की 'हॅड बीन'? तारा म्हणाली, अजून तुंबलेली असेल तर 'हॅज बीन', मोकळी झाली असेल तर 'हॅड बीन'. दुसरा कोणीही अंदाजाने लिहून मोकळा झाला असता. पण स्थळपाहणी केल्याशिवाय शेरा मारायचा नाही हा देवाजींचा बाणा होता. ते उठले, मफलर गुंडाळला, कंदील घेतला आणि पार्वतीबाईंच्या दारासमोर जाऊन नालीत वाकून पाहू लागले.

पार्वतीबाई विधवा होत्या, साठीच्या पुढच्या, पण आवाज विशीतला. त्यांनी दार उघडलं.

"काहून गा देवाजी? काय पडलं?"

"काई नाई मावशी. तुंबलेलीच आहे ना अजून, ते पाहून राहिलो."

"दिवाळीपासून तुंबली आहे! तुले आत्ता दिसली?"

"दिवाळीपासून?" देवाजी आनंदले. "म्हंजे 'सिन्स' लागते." आणि त्यांनी तिथंच, कंदिलाच्या उजेडात, वहीत नोंद केली.

गल्लीत एखादा सरकारी नोकर पहाटे वही घेऊन नालीची नोंद करतो, याचा अर्थ एकच निघतो. आठ वाजेपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की मेश्राम बाबूंकडे सर्वे आला आहे. दुसऱ्या दिवशी गोविंदा शिंपी आला. त्याच्या दुकानासमोरच्या खांबावरचा दिवा त्याच्या मुलीच्या लग्नापासून बंद होता आणि त्या मुलीला आता मुलगा झाला होता. कवडू सायकलरिक्षा चालवायचा, तो रिक्षाचं चाकच घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता, त्यात ते पोळ्यापासून तीनदा वाकलं होतं. रिटायर्ड रेल्वे गार्ड चंपतराव यांच्या छपराच्या कवेलूंवर कडुनिंबाची फांदी टेकली होती. आणि सार्वजनिक नळाला सकाळी करंगळीएवढी धार येते हे सांगायला कोणाला यावं लागलं नाही. ते सिंधूताई रोज घागर आदळून सांगतच होत्या.

देवाजींनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं की हा सर्वे नाही, हा अभ्यास आहे. पण गल्लीचा त्यावर विश्वास बसला नाही. उलट सल्ले सुरू झाले. चंपतरावांनी तेहतीस वर्षं गोऱ्या आणि काळ्या दोन्ही साहेबांच्या हाताखाली झेंडी हलवली होती, त्यामुळे इंग्रजीवर त्यांचा अधिकार मोठा. "देखो मेश्राम, इंग्रजी डोक्याने येत नाही, पोटाने येते," ते म्हणाले. "सकाळी उपाशीपोटी जोरात वाचायचं." गोविंदाचं मत पडलं की घरात आठ दिवस मराठी बंद करावी. त्यावर सिंधूताई म्हणाल्या, "मंग भाजी कोन आणन? मी त मराठीतच सांगतो काय आणाचं ते." पार्वतीबाईंनी काही सल्ला दिला नाही. त्या फक्त रोज पहाटे दारात उभ्या राहून देवाजी नाली पाहायला आले की नाही ते पाहत.

तीन आठवडे हे चाललं आणि आश्चर्य म्हणजे देवाजींना खरंच इंग्रजी येऊ लागलं. आधी ते दोन वाक्यं जोडत, मग तीन. एका रविवारी त्यांनी पाचही तक्रारी एका वाक्यात बसवल्या. चौऱ्याण्णव शब्द आणि शेवटी एकच पूर्णविराम. मराठीत सांगायचं तर ते असं काहीसं होतं: "ज्या गल्लीच्या तोंडाशी, कवडूच्या रिक्षाचे चाक पोळ्यापासून तीन वेळा ज्यात वाकले आहे असा खड्डा आहे, आणि जिच्या मध्यावर, गोविंदाच्या कन्येच्या विवाहापासून ज्यावरील दिवा लागलेला नाही असा खांब असून, जिथल्या नळाला, तो ज्यांच्यासाठी बसवला त्यांची तहान भागेल एवढेही पाणी येत नाही, त्या गल्लीत, चंपतरावांच्या छतावर टेकलेल्या निंबाची पाने पडून, पार्वतीबाईंची नाली दिवाळीपासून तुंबली आहे."

ताराने ते तीनदा तपासलं. चूक सापडली नाही. बापाकडे पाहून ती म्हणाली, "बाबा, आमच्या प्रोफेसरलाही हे जमणार नाई." त्या दिवशी देवाजी दोन पोळ्या जास्त जेवले.

ते वाक्य वहीतच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात लोक बसले होते, तिथं चंपतराव ती वही घेऊन गेले आणि त्यांनी ते वाक्य खणखणीत आवाजात वाचलं. एका दमात वाचलं, कारण मध्ये दम घ्यायला जागाच नव्हती. कोणाला एक अक्षर कळलं नाही आणि सगळे भारावून गेले. आपले नाली-खड्डे एवढ्या मोठ्या इंग्रजीत बसतात हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "हे सरकारात गेलंच पाह्यजे," गोविंदा म्हणाला. देवाजी नको नको म्हणत होते तोवर खाली बेचाळीस सह्या आणि अकरा अंगठे उमटले. पहिली सही अर्थातच देवाजींची होती. सिंधूताईंची नव्हती, घरातल्या कर्त्या माणसाने केली म्हणजे झालं, असं त्या दिवशी सगळ्यांनाच वाटलं, सिंधूताई सोडून.

ज्या कचेरीत असे अर्ज द्यायचे असतात तिचं नाव कशाला घ्या. तिथल्या आवक खिडकीत मफलर बांधलेला एक तरुण बसला होता. त्याने अर्ज पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"विषय?"

"वाचा ना बाबू. पाहा त खरं."

"पाच विषय दिसतात. एका अर्जात एकच विषय चालतो. वेगवेगळे अर्ज करा."

हे वाक्य देवाजींच्या ओळखीचं होतं. याच शब्दांत, याच आवाजात, त्यांनी स्वतः मौद्याच्या, सावनेरच्या, कुठकुठल्या माणसांना एस्टीने परत पाठवलं होतं. खिडकीच्या या बाजूने ते ऐकायला इतकं वाईट लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. पण मागे गल्लीतली सहा माणसं उभी होती आणि हार मानायची सोय नव्हती.

"एकच विषय आहे," ते म्हणाले. "वाक्य एकच आहे. पूर्णविराम मोजा."

त्या तरुणाने खरोखरच बोट ठेवून पूर्णविराम मोजला. एकच होता. पाच विषय आणि एक पूर्णविराम यांचं काय करायचं हे त्याच्या नियमात नव्हतं. त्याने थोडा वेळ विचार केला आणि शिक्का मारला. गल्लीने परत येताना देवाजींना पान खाऊ घातलं.

पुढे तो अर्ज त्या कचेरीत कसा फिरला हे नंतर कळलं. पाणीवाल्यांनी तो नालीवाल्यांकडे पाठवला, नालीवाल्यांनी पानं पडतात म्हणून झाडवाल्यांकडे, झाडवाल्यांनी खांब आहे म्हणून दिवेवाल्यांकडे. प्रत्येकाने आपला भाग सोडून बाकीच्याबद्दल शेरा मारला. अखेर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देवाजींना पत्र आलं. "आपल्या अर्जात पाच विषय एकत्र केल्याचे दिसते. त्यांपैकी मुख्य विषय कोणता ते तीन दिवसांत कळवावे, अन्यथा प्रकरण दफ्तरी दाखल करण्यात येईल."

देवाजींनी पत्र ओट्यावर वाचून दाखवलं. तारा सहज म्हणाली, "मुख्य तर नालीच आहे. ते मुख्य वाक्य आहे. बाकी गौण."

"गौन म्हंजे?" गोविंदाने विचारलं.

"म्हणजे नालीच्या आधाराने उभी राहणारी."

"म्हंजे माहा खांबा नालीच्या आधारानं उभा आहे?"

झालं. चंपतराव म्हणाले की तेहतीस वर्षं रेल्वेत आपण कोणाच्या मागच्या डब्यात बसलो असू, पण नालीच्या मागे बसणार नाही. त्यांनी आयुष्यभर शेवटच्या डब्यातच नोकरी केली होती, हे तेव्हा कोणी काढलं नाही. पार्वतीबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "माही नाली मुख्य आहे त तुमाले काहून दुखते? पानं कोनाच्या झाडाची?" आवाज वाढले. दोन घरांची तोंडं दोन दिशांना झाली. देवाजी सांगत होते की बाप्पा, ही व्याकरणाची रीत आहे, यात कोणाचा अपमान नाही. पण ते कोणी ऐकेना.

तेवढ्यात कवडू बोलला. तो कधी फारसा बोलत नसे. चाक मांडीवर घेऊन एका कडेला बसला होता.

"देवाजी भाऊ, तुमी मले सांगा," तो म्हणाला. "माहा बाप दुसऱ्याच्या मागं चालला. त्याचा बापही तसाच. मी रिक्षा चालवतो, पन निदान समोर बसतो. अर्जात कायले मले मागं घातलं? तुमचा अभ्यास झाला, ठीक आहे. पन खड्डा त माहा होता."

कवडू रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री जेवताना देवाजींचं लक्ष ताटात नव्हतं. लोकांची नाली तुंबली होती आणि ते 'सिन्स' मिळालं म्हणून खूश झाले होते. लोकांचं चाक वाकलं होतं आणि त्यांनी त्यातून संबंधी सर्वनाम काढलं होतं. गल्लीची गैरसोय ही त्यांची अभ्यासाची वही झाली होती, आणि ही गोष्ट कवडूला त्यांच्या आधी कळली होती. देवाजींना स्वतःची फार लाज वाटली.

सकाळी त्यांनी कचेरीला उत्तर लिहिलं. मराठीत. "पाचही विषय मुख्य आहेत." एवढंच.

या उत्तराने त्या कचेरीत काय गोंधळ झाला कोण जाणे, पण चौथ्या दिवशी पत्र आलं. पाचही शाखांचे अधिकारी संयुक्त पाहणीस येतील. प्रथम स्वाक्षरीकर्त्याने जागेवर हजर राहावे, गैरहजर राहिल्यास प्रकरण बंद. दिनांक अठरा डिसेंबर, मंगळवार, सकाळी अकरा.

देवाजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. ताराने ते पाहिलं होतं.

"बाबा, तीनच वेळा बसता येते."

"माहीत आहे मले."

"मग?"

"मंग काय? मी नाई राहिलो त लोक काय म्हणतीन? अभ्यास आमच्या नालीवर केला अन् पेपर लिहाले पळाला." त्यांनी खिशावर हात ठेवला. "तू कोनाले सांगजो नको."

तारा रडली. सिंधूताईंनी अठरा तारखेला सकाळी नवऱ्याचं पेन शाई भरून, पुसून, खिशाला लावून ठेवलं. देवाजींनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पावणेअकराला गल्ली सजली होती. चंपतरावांनी कोट घातला होता. पार्वतीबाईंनी नालीसमोरची जागा झाडून घेतली होती, नाली मात्र पुरावा म्हणून तशीच ठेवली होती. देवाजी मध्यभागी उभे होते, हातात अर्जाची नक्कल, आणि दर दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. पार्वतीबाईंनी ते ओळखलं.

"कोनाची वाट पाहून राहिला गा? साहेबाची का आनखी कोनाची?"

देवाजी काही बोलायच्या आत ताराचा बांध फुटला. तिने सगळं सांगून टाकलं. अकरा वाजता पेपर आहे, बर्डीच्या पलीकडच्या शाळेत आहे, शेवटची वेळ आहे, साडेअकरापर्यंत आत घेतात, नंतर नाही.

गल्ली जी खवळली ती देवाजींवरच.

"अन् तू इथं नालीपाशी उभा आहे?" पार्वतीबाई ओरडल्या. "अक्कल आहे का तुले? नाली काय पळून चालली? दिवाळीपासून इथंच आहे ते!"

"मावशी, प्रथम स्वाक्षरीकर्ता..."

"चूप राह्य! कवडू!"

कवडूने आधीच रिक्षा फिरवली होती. देवाजींना कोणी बसवलं, टोपी कोणी डोक्यावर ठेवली, हे त्यांना कळलं नाही. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आला. आज चाक वाकून चालणार नव्हतं. मग गोविंदा, चंपतराव आणि आणखी दोघांनी ती रिक्षा देवाजींसकट उचलली आणि खड्ड्यापलीकडे ठेवली. कोटातल्या चंपतरावांनी सवयीने हात वर करून गाडी सोडली.

वाटेत कवडू एकदाच बोलला. चढ लागला तेव्हा देवाजी उतरू लागले, त्यांना मागे न पाहताच तो म्हणाला, "बसा भाऊ. आज तुमी बसाचं." देवाजी बसले. थंडीत कवडूच्या पाठीवर सदरा घामाने ओला झाला होता आणि ती पाठ पाहत पाच किलोमीटर जाताना देवाजींना एकही नियम आठवला नाही. त्यांना नुसतं भरून आलं होतं.

अकरा सव्वीसला ते वर्गात शिरले. पेपरात एक राजा होता, एक व्यापारी होता, आणि एक बोट बुडाली होती. कोणाच्या नावावर काय आहे हे विचारायला आज वेळ नव्हता. देवाजींनी वाक्यं सरळ जोडली, बुडालेल्या बोटीला मनातल्या मनात जाऊन वाकून पाहिलं आणि जे दिसलं ते क्रियापद लिहिलं. दोन वाजता पेपर गोळा झाला तेव्हा शेवटचा प्रश्न अर्धाच झाला होता.

कवडू बाहेर थांबलाच होता. परतताना देवाजींच्या मनात एकच घोकणं चाललं होतं: प्रकरण बंद, प्रकरण बंद. गल्लीत शिरले तर पार्वतीबाई बाजेवर ऐसपैस बसून संत्रं सोलत होत्या.

अधिकारी साडेबाराला आले होते. पाच विषयांना एकच जीप होती. उतरताच त्यांनी विचारलं, अर्जदार मेश्राम कुठे आहेत? नाहीत? मग प्रकरण बंद. त्यावर पार्वतीबाई म्हणाल्या होत्या, "मेश्राम परीक्षेले गेला. नाली त्याची नाई, माही आहे. मी हाजर आहो. चाला, दाखवतो." साहेब म्हणाले, बाई, मग तुमचा वेगळा अर्ज लागेल. पार्वतीबाई म्हणाल्या, "आमचा लिहिणारा गेला. तुमाले येते ना लिहिता? बसा, मी सांगतो." आणि त्यांनी नालीवाल्या साहेबाला बाजेवर बसवून त्याच्याच पेनाने त्याच्याकडूनच अर्ज लिहून घेतला होता. मग गोविंदाने दिवेवाल्याला धरलं, चंपतरावांनी झाडवाल्याला. खड्ड्याचा अर्ज गोविंदानेच गैरहजर कवडूच्या नावाने लिहून घेतला होता. सगळ्यांना संत्री दिली होती. शिवाय प्रत्येकाकडून एकेक नक्कल मागून घेतली होती, कारण नक्कल ठेवावी हे गल्ली देवाजींकडूनच शिकली होती.

देवाजींनी त्या पाच नकला हातात घेतल्या. मराठीत होत्या. नाली तुंबली आहे, साफ करावी. दिवा बंद आहे, लावावा. खड्डा बुजवावा, अर्जदार कवडू. प्रत्येक कागदावर एक ओळ. नळाच्या अर्जाखाली नाव होतं सिंधू देवाजी मेश्राम, आणि सही त्यांची स्वतःची, ठसठशीत. पाचही अर्ज वाचायला दोन मिनिटं लागली नाहीत. चौऱ्याण्णव शब्दांचं ते सुंदर वाक्य कोणालाच लागलं नव्हतं. देवाजींना थोडं वाईट वाटलं आणि बरंच हलकं वाटलं, आणि दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "पेपर कसा गेला?" सिंधूताईंनी विचारलं. "अर्धा प्रश्न राहिला," ते म्हणाले आणि नळाच्या अर्जाची घडी घालून त्यांनी ती बायकोच्या हातात दिली.

नाली जानेवारीत निघाली. फांदी तुटली, खड्ड्यात मुरूम पडला, खांबावर दिवा लागला आणि गोविंदाचा नातू त्याच्याकडे बोट दाखवू लागला. नळ विचाराधीन होता. मार्चमध्ये देवाजींचा निकाल आला. पस्तीसला पास होते, त्यांना एक्केचाळीस मिळाले.

कचेरीतून ते घरी पोचायच्या आत ताराने गल्लीला सांगितलं होतं. ओट्यावर सगळे जमले होते. पार्वतीबाईंनी देवाजींच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मग, विचारू की नको असं करत, विचारलं, "माह्या नालीले किती भेटले गा?"

देवाजींना प्रश्न कळायला वेळ लागला. पेपरात राजा होता आणि व्यापारी होता, तुमच्यातलं कोणीच नव्हतं, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बारा," ते म्हणाले.

"अन् खांब्याले?" गोविंदाने विचारलं.

"बारा."

"मेरे पेड को?" चंपतराव म्हणाले.

"त्यालेही बारा."

कवडूने विचारलं नाही. तो मागे रिक्षाला टेकून उभा होता. देवाजी स्वतःच त्याच्याकडे वळले. "कवडू, खड्ड्याले बारा. नालीइतकेच." कवडू खाली पाहून हसला. दारातून सिंधूताई म्हणाल्या, "अन् नळाले?" त्यांनाही बारा मिळाले.

गुणपत्रिका ताराच्या हातात होती. ती बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, बारा पंचे साठ झाले. तुमाले एक्केचाळीस आहेत."

एकोणीस वर्षांत देवाजी मेश्रामांनी कोणाचीही चुकलेली बेरीज लाल शाई लावल्याशिवाय पुढे जाऊ दिली नव्हती.

"राहू दे," ते म्हणाले.